मुलींचा कप्पा आणि 14 रुपये दंड

गेल्या जूनमध्ये आमच्या वाचनालयात एक कप्पा रिकामा केला, धूळ पुसली, कार्डशीटवर स्केचपेननी 'मुलींचा कप्पा' असं लिहून चिकटवलं, आणि पुढचे अडीच महिने त्यातलं एकही पुस्तक एकाही मुलीनं नेलं नाही. म्हणजे एक गेलं होतं, पण ते परत आलं तेव्हा कळलं की भावानं वक्तृत्व स्पर्धेसाठी नेलेलं, बहिणीच्या कार्डावर. तर ही त्या कप्प्याची केस. यात कुणी कलेक्टर झालेलं नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण असल्या लिखाणात शेवटी कुणीतरी कलेक्टर होतंच.

आधी जागा. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीच्या तोंडावरचं गाव, नाव देत नाही, दिलं तर पुढच्या वार्षिक सभेला मला खुर्ची मिळायची नाही. वाचनालय ड वर्ग, म्हणजे शासनमान्य पण अगदी खालच्या पायरीवरचं, एक खोली आणि पुढे पडवी. मी तिथली ग्रंथपाल, अर्धवेळ, पगार विचारू नका. रत्नागिरी शहरात 1828 सालापासून वाचनालय आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्याची वाचनाची थोर परंपरा वगैरे भाषणात दरवर्षी येतं. आमच्याकडे परंपरा म्हणजे पडवीतलं बाकडं, त्यावर चार जण, आणि त्यांच्यात एक पेपर पानं वाटून घेतलेला.

कप्प्यात काय होतं ते सांगते म्हणजे माझी चूक कळेल. अनुदान आलं की विक्रेता गठ्ठा घेऊन येतो, त्याच्याकडे 'स्त्रीरत्ने' टाईपचा सेट तयारच असतो, आम्ही तो घेतला. जिजाऊ, झाशीची राणी, अहिल्याबाई, मग एकदम कल्पना चावला. प्रत्येकी 48 पानं, कव्हरवर सगळ्या मान थोडी वर करून क्षितिजाकडे बघतायत. आत पहिल्या पानावर 'लहानपणापासूनच ती बाणेदार होती'. सगळ्याच. मला तेव्हा वाटलेलं की हेच पाहिजे, मुलींना कणखर नायिका द्यायच्या म्हणजे ह्याच ना.

ते वक्तृत्ववालं पुस्तक परत करायला जी मुलगी आली ती नववीतली. ह्या लेखात तिला नववीतलीच म्हणू. वडील ट्रॉलरवर खलाशी, आई काजूच्या फॅक्टरीत, घरात आजी आणि काका. ती कधी बसायची नाही, टेबलाला टेकून उभी, एक पाय दाराकडे. मी विचारलं, भावानं वाचलं, तू वाचलंस का? म्हणाली, वाचलं की, यष्टीत वाचलं.

"मग आवडलं?"

"बरं हाय. पन ताई, ह्या सगळ्या घरातनं भायेर पडल्या. मी भायेर पडून जाऊ कुठं, पाचची यष्टी गेली की दुसरी गाडी नाय."

मी हसले, तीपण हसली, आणि गेली. पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

त्या रात्री मी रजिस्टर काढून बसले. मुली सभासद किती, तर 19. म्हणजे आकडा चांगलाय, अहवालात टाकण्यासारखा. मग सह्या बघितल्या. 19 पैकी स्वतः येऊन पुस्तक नेलेल्या 3, बाकी सगळं हस्ते भाऊ, हस्ते वडील, हस्ते शेजारचा कुणी. आणि ते हस्ते जे आणून देतील ते त्या वाचणार. आणि मग मला वेळेचं लक्षात आलं, जे खरं तर दहा वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. वाचनालयाची वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. ही वेळ ठेवली कुणासाठी? पेपर वाचणाऱ्या पुरुषांसाठी. मुलींना घरातनं सांगणं काय, तर दिवेलागणीच्या आत घरात. त्यात मी कप्पा उघडला जूनमध्ये! 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, 61 दिवस, बोटी वर ओढून झापांनी झाकलेल्या, गावातले सगळे पुरुष घरी आणि घरातनं हाकलले की आमच्या पडवीत. त्या बाकड्यासमोरनं आत जायचं, चार जण पेपर खाली करून बघणार, कुणाची गो तू असं विचारणार, आणि मग 'मुलींचा कप्पा' अशी पाटी लावलेल्या ठिकाणी जाऊन उभं राहायचं. मी असते तर मीपण गेले नसते.

मग मी शनिवार धरला. शनिवारी सकाळची शाळा, दुपारी 2 ते 5 खोली उघडी ठेवायची. कमिटीत प्रश्न आला लाईट बिलाचा. दुपारी लाईट कशाला लागेल हे मी विचारलं नाही, म्हटलं पंखा लावणार नाही. मंजूर.

कसली पुस्तकं

आता पुस्तकांचा प्रश्न, आणि इथे मला जरा लांबड लावायची आहे, कारण मराठीत बारा ते सतरा ह्या वयाचं जे खिंडार आहे ते कपाटासमोर उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. खालचा कप्पा मुलांचा. त्यात गोट्या, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे. सगळी छान, मीपण त्यावरच वाढले, पण सगळे मुलगे. मुली आहेत त्या कुणाच्या तरी बहिणी, मैत्रिणी, डबा आणून देणाऱ्या. त्याच्या वरचा कप्पा एकदम मोठ्यांचा. गौरी देशपांडे, सानिया, कविता महाजन. मधे काय? मधे 'शाळा'. मिलिंद बोकील, 2004 ची कादंबरी, नववीतला मुकुंद सांगतोय, शिरोडकर त्याला आवडते. आमच्याकडची प्रत तीनदा बाइंडिंग केलीय. नववीतलीनं ती दोन शनिवारात संपवली आणि विचारलं, शिरोडकरला काय वाटत होतं ते कुठल्या पुस्तकात आहे?

मला उत्तर आलं नाही. पुस्तकाची चूक नाहीय, ते मुकुंदचंच पुस्तक आहे आणि प्रामाणिक आहे. पण प्रश्न बरोबर होता, शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्या बाकावरनं जेवढी दिसते तेवढीच. शिरोडकरच्या बाकावरनं लिहिलेलं माझ्याकडे त्या वयाचं काही नव्हतं.

रत्नागिरीतली एक मैत्रीण कॉलेजला शिकवते, तिला फोन केला, तिनं मला आधी झापलं की तू कणखर म्हणजे तलवारवालीच समजतेस, आणि मग एक पिशवी पाठवली. वाचायला द्यायच्या आधी आम्ही मोठ्यानं वाचायचं ठरवलं, कारण मुली सहा-सात आणि पुस्तकं एकेकच.

पहिली 'चौघीजणी', चार बहिणींची गोष्ट. शांता शेळक्यांनी केलेला अनुवाद, मूळ अमेरिकन, 1868-69 चं. मला भीती होती की बर्फ, चर्च, हे कुठे आमच्या खाडीवर चालणार. चाललं ते एका प्रसंगामुळे. वडील लढाईवर आजारी, आईला त्यांच्याकडे जायचंय, पैसे नाहीत, तर चौघींतली ज्यो जाऊन आपले लांब केस विकून येते, 25 डॉलर घेऊन. इथपर्यंत ठीक, त्यागमूर्ती. पण रात्री ती अंथरुणात रडते, आणि कशासाठी तर वडिलांसाठी नाही, केसांसाठी. हे वाचल्यावर खोलीत एकदम शांत. समोर सहा मुली, सहाही दोन वेण्या घालणाऱ्या, रिबिनी लावलेल्या, आणि एकीनं आपली वेणी हातात धरलेली. आठवीतली एक म्हणाली, रडली तर चालतं काय मग? म्हणजे तिला म्हणायचं होतं की रडली तरी ती धीटच धरायची का. अर्धा तास त्यावर भांडण. त्या 48 पानी सेटमध्ये एकजणपण असल्या फालतू कारणासाठी रडत नाही, हे मला तेव्हा कुठे दिसलं.

लॉरी, म्हणजे ज्योचा शेजारी मित्र, त्याच्यावरनं तर दोन शनिवार गेले. ज्योनं लॉरीशी लग्न करायला पाहिजे होतं असं चौघींचं मत. मी सांगितलं की पहिला भाग आल्यावर वाचक मुलींची पत्रं आली, सगळ्यांना हेच पाहिजे होतं, लेखिका इतकी वैतागली की म्हणाली कुणाच्या खुशीसाठी मी ज्योचं लग्न लॉरीशी लावणार नाही, तिच्या मनात तर ज्यो बिनलग्नाचीच राहायला हवी होती, शेवटी दाबापुढे लग्न लावलं पण वेगळ्याच माणसाशी. ह्यावर नववीतली: "म्हंजे लिवणारीलापण घरच्यांनी धरलंन."

शिक्षिका असते तर ह्या वाक्याला मी दहापैकी दहा दिले असते.

मुलींनी नायिकांचे दोन ढीग केले होते, माझ्या नकळत. एक, भायेर पडणाऱ्या. दोन, घरात राहून भांडणाऱ्या. पहिल्या ढिगाबद्दल आदर, दुसऱ्याबद्दल इंटरेस्ट. कारण सरळ आहे, ह्यांना उद्या सकाळी त्याच घरात त्याच माणसांबरोबर चहा प्यायचाय. क्रांती करून निघून गेलेली बाई त्यांच्या काही कामाची नाही, भांडण कसं उकरायचं, कुठे थांबवायचं, आज किती पदरात पाडून घ्यायचं आणि उरलेलं शिमग्यानंतर कसं काढायचं, ते शिकवणारी पाहिजे. आपल्याकडे स्त्रीवादी वाचनाच्या याद्या करणारे (मी धरून) पहिल्या ढिगातल्याच बायका भरत बसतो असं माझं आता मत झालंय.

दुसऱ्या ढिगाची राणी निघाली लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे', 1934 ते 36 मध्ये चार भागांत आलेलं. शाळेत न गेलेली बाई, नवरा ना. वा. टिळक, कवी आणि बेभरवशाचा, वडिलांच्या सोवळ्यानं घर वेठीला धरलेलं, आणि ही सगळं असं सांगते की हसून पुरेवाट. नवऱ्यानं 1895 मध्ये धर्म बदलला, ख्रिस्ती झाला. ती काही मागोमाग गेली नाही. वेगळी राहिली, मग परत आली, नांदायला लागली पण धर्म आपलाच ठेवला, आणि 1900 मध्ये स्वतःला पटलं तेव्हाच बदलला. पाच वर्षं! घरातल्या घरात! मुलींना हे भयंकर आवडलं. टिळक मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे, हे मी उगाच अभिमानानं सांगितलं, कुणी लक्ष दिलं नाही.

बाया कर्वे मात्र आपल्याकडच्या म्हणून लागल्या. देवरुखकडची गोदूबाई, लहानपणीच विधवा, पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तिथे शिकली, 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि मुरुडला गेल्यावर गावानं बहिष्कार टाकला. मुरुड म्हणजे दापोलीचं, एकीचं आजोळ तिकडचं, तिला तो बहिष्कार एकदम पर्सनल लागला. कर्व्यांना 1958 मध्ये भारतरत्न मिळालं हे त्यांना शाळेत आहे. बायेनं 'माझे पुराण' नावाचं आत्मचरित्र लिहिलंय हे कुणाला माहीत नव्हतं, आमच्या कपाटात तर नव्हतंच.

बाकीचं पटकन सांगते. ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना', 1882, भाषा जड, अर्धं पान झालं, पण बाई पुरुषांना काय झाडते ते सुरावरनंच कळलं. मुक्ता साळवेचा निबंध, 1855 मध्ये ज्ञानोदयमध्ये छापून आलेला, फुल्यांच्या शाळेतली मुलगी, वय 14. वय सांगितल्यावर सगळ्यांनी नववीतलीकडे बघितलं, तीही चौदाचीच, ती म्हणाली मी काय केलंय, माझ्याकडे काय बघतास. रखमाबाईंची केस मी गोष्टीसारखी सांगितली: अकराव्या वर्षी लग्न, मोठी झाल्यावर नांदायला नकार, 1884 मध्ये नवरा कोर्टात, आधी निकाल तिच्या बाजूनं, मग 1887 मध्ये उलटा की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने जेल, ती म्हणाली जेल. शेवटी 1888 मध्ये 2000 रुपये देऊन तडजोड, मग लंडनला जाऊन डॉक्टर. मुलींचा प्रश्न, आईबाप कुणाकडून होते? सावत्र वडील, डॉक्टर सखाराम अर्जुन, तिच्या बाजूनं होते. "मंग जमलं," असं दोघी एकदम म्हणाल्या.

आणि 'सुलतानाज् ड्रीम'. रोकेया सखावत हुसेन, बंगालची, 1905 मध्ये इंग्रजीत लिहिलेली गोष्ट. एक देश आहे जिथे बायका सगळा कारभार चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, आणि पुरुष जनानखान्यासारख्या मर्दानखान्यात. ही सांगत होते तेव्हा खिडकीत दोन मुलगे होते, मागच्या बाजूला उभे, ऐकतायत हे मला माहीत होतं. त्यातला एक न राहवून म्हणाला, "मग मासे कोण धरणार?" आठवीतली म्हणाली, "विकतोय कोण आता? आम्हीच ना? धरू पन." त्यानंतर तो दर शनिवारी खिडकीत. आत ये म्हटलं तर येत नाही. पाटी 'मुलींचा कप्पा' आहे ना. ती पाटी मी नंतर काढली, कार्डशीट उपटताना भिंतीचा रंगही आला.

आयदानचं प्रकरण

दिवाळीनंतर एका शनिवारी नववीतलीनं मोठ्यांच्या कपाटातनं ऊर्मिला पवारांचं 'आयदान' काढलं. मी टेबलावर नव्हते, पाणी भरायला गेलेले, तिनंच रजिस्टरात लिहिलं, नंबर, तारीख, सही. सगळं नियमानं. आता हे पुस्तक 2003 चं, लेखिका आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातली, दलित स्त्रीचं आत्मकथन. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू, सुपं, टोपल्या, तिची आई त्या विणून घर चालवायची. सुरुवातच गावातल्या बायका डोंगर चढत उतरत पायी रत्नागिरीच्या बाजारात माल विकायला जातात त्यानं आहे. पुढे पुढे लग्न, शरीर, नवरा-बायको, हे सगळं मोकळेपणानं येतं. मी स्वतःहून चौदा वर्षांच्या मुलीला ते अख्खं दिलं नसतं, निवडक पानं वाचून दाखवली असती. हे माझं मत आजही तसंच आहे, भले मैत्रीण मला बुरसटलेली म्हणो.

आठ दिवसात तिचा काका वाचनालयात. तो कमिटीवर. त्यानं एका पानाचा कोपरा दुमडून आणलेला, पुस्तक टेबलावर आपटलंन आणि म्हणाला हे असलं देता तुम्ही मुलींना? मग मीटिंग. अकरा जण, त्यात कागदावर एक बाई, ती आली नव्हती. पुस्तक कुणी वाचलेलं नाही, दुमडलेलं पान फिरलं, ज्याच्याकडे गेलं त्यानं जरा जास्तच वेळ वाचलं. मधेच एकजण हळू आवाजात म्हणाला की त्यांचं रडगाणं आपल्या पोरींना कशाला. 'त्यांचं' म्हणजे कुणाचं ते सगळ्यांना कळलं, कुणी काही बोललं नाही, मीपण नाही. इतिवृत्तात आलं ते एवढंच, 'अश्लील मजकुराबाबत चर्चा झाली'.

तिथे मी काय बोलायला हवं होतं ते घरी आल्यावर सुचलं, नेहमीसारखं. त्याच कपाटात खालच्या फळीवर काळ्या कव्हरच्या रहस्यकथा आहेत, त्यात बायकांचे हाल काय काय केलेत, आणि त्या आठवीतले मुलगे सर्रास नेतात, आजपर्यंत एक पान दुमडून आलेलं नाही. हे बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, ठीक आहे, स्टिकर लावते. 'फक्त मोठ्यांसाठी'. लावला, लाल पेननं लिहून. पुढच्या शनिवारी पाच मुलींनी तेच पुस्तक मागितलं.

नववीतली दोन शनिवार आली नाही. तिसऱ्या शनिवारी आली ती आजीला घेऊन.

आजी म्हणजे पंचाहत्तरच्या पुढची, नऊवारी, कमरेला बटवा, बाजूला रिकामी पाटी. पडवीतल्या बाकड्यावरचे दोघे तिला बघून सरकले, गावातले सगळे पुरुष तिच्याकडनं मासे उधार घेतलेले आहेत. आत येऊन ती खुर्चीवर नाही, जमिनीवर बसली, आणि म्हणाली, "तो सुपावालीचा पुस्तक खय ठेवलास? आमचा अर्धा रवला हाय."

आमचा.

मग सगळं बाहेर आलं. शनिवारी पाचपर्यंत वाचनालयात बसायला आजी सोडत नव्हती, सुकट निवडायला माणूस पाहिजे म्हणून. तर पोरीनं सौदा केला. शनिवारी दुपारी मी जाते, बदल्यात रात्री जेवणं झाल्यावर तू सुकट निवड, मी पण निवडते, आणि वाचून दाखवते. सप्टेंबरपासून चाललेलं हे. आधी लक्ष्मीबाई झाल्या, आजी हसून हसून पडली, मग आजीच म्हणाली आता आपल्याकडल्या कुणाचा असेल तर बघ. म्हणून तिनं 'आयदान' काढलं. म्हणजे ते स्वतःसाठी नेलंच नव्हतं. काकानं पलीकडच्या खोलीतनं ऐकलं ते आजीला वाचून दाखवणं चाललेलं, आणि अवघड पान आलं की पोर म्हणायची हे मी मनात वाचते, आजी म्हणायची मोठ्यांदा वाच, मला काय म्हाईत नाय काय, चार पोरं काय देवानं टाकलीत? काका त्यावर उठून आला.

आणि आम्ही दहा अधिक एक माणसं मीटिंगमध्ये बसून एका कोवळ्या मुलीच्या मनावर काय परिणाम होईल ते बघत होतो.

मी आजीला विचारलं, पुस्तक कसं वाटलं. तिनं आधी तक्रार केली की त्या डोंगराचं वर्णन थोडक्यात आटपलंय. "त्या घाटीवर मी पन बसलीय, डोकीवर पाटी. पाय कसं व्हतात ता लिवायला पायजे व्हता." मग जरा वेळानं म्हणाली की ही माशांची पाटी आम्ही त्यांच्या वाडीतनंच घ्यायचो, त्यांच्या पाटीसारखी पाटी नाही, वर्षभर खारं पाणी लागून पण सुटायची नाही. नववीतली म्हणाली, "मग त्यांना घरात घ्यायचात?" आजी म्हणाली नाय. पैसे लांबनं टाकायचो. "का?" आजी पाटीच्या काठावरनं बोट फिरवत राहिली, मग म्हणाली, "तवा तसाच व्हता." पोरीनं परत विचारलं, "पन का?" आजीनं उत्तर दिलं नाही. मी उठून पंखा लावला, नियम मोडून.

आता पुस्तक द्यायचं कसं, त्यावर लाल स्टिकर, आणि तो मीच लावलेला. मी आजीला तो वाचून दाखवला. 'फक्त मोठ्यांसाठी'.

"मग मी बारकी हाय काय?"

एवढं सोपं होतं. अनामत भरली, फॉर्म भरला. शिक्षणाच्या रकान्यात मी काय लिहू विचारलं, म्हणाली रेघ मार. सहीच्या जागी अंगठा. नवीन सभासदाच्या फॉर्मवर कमिटीतल्या एकाची शिफारस लागते, ती तिनं घरी नेऊन काकाकडनंच घेतली. कशी घेतली विचारलं नाही. त्याची सही जरा जोरात केलेली आहे, कागदाला मागून उठलीय.

तेव्हापासूनचं सांगायचं तर, शनिवारी आता नऊ मुली असतात, खिडकीतला मुलगा डिसेंबरात आत आला आणि लक्ष्मीबाई घेऊन गेला, आईला पाहिजे म्हणाला, असेल. 48 पानी सेट वरच्या फळीवर ठेवलाय, स्पर्धा आल्या की लागतो. वीणा गवाणकरांची आयडा स्कडर आणि रोझलिंड फ्रँकलिन मागवलीत, 'माझे पुराण'ची प्रत रत्नागिरीहून झेरॉक्स का होईना मिळते का बघतेय. कमिटीवरच्या त्या एका बाईंना आता मी मीटिंगच्या आदल्या दिवशी फोन करते. काका अजून माझ्याशी बोलत नाही, नमस्कार घेतो. नववीतली आता दहावीत गेली, अकरावीला रत्नागिरीला जायचं का यावर घरात बोलणी चालू आहेत, तिच्या भाषेत सांगायचं तर निम्मं झालंय. आजीचं म्हणणं रोज येऊन जाऊन कर, हॉस्टेल नको. पोरीचं म्हणणं पहिल्या वर्षी येऊन जाऊन करते, दुसऱ्या वर्षाचं दुसऱ्या वर्षी बघू. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं काढली होती, हे ती मला डोळा मारून म्हणाली.

'आयदान' दोनदा रिन्यू झालं. तिसऱ्या वेळी मुदत उलटून 14 दिवस झाले, दिवसाला 1 रुपया, दंड 14. मी निरोप धाडला. आजी शनिवारी स्वतः आली, पुस्तक आणलं नव्हतं. म्हणाली संपलाय, पन परत सुरवातीपासून लावलाय, आणि दंडाचे पैसे नाय देनार, ही घे, म्हणून कागदाची पुडी टेबलावर ठेवली. सुकट. चांगली वाळलेली, 14 रुपयांपेक्षा नक्की जास्तीची. मी दंडाच्या वहीत बघितलं, रकाने तीनच आहेत, नाव, दिवस, रुपये.